मांसल रोपांची निगा : पाण्याचा हात आखडता हवा

सभासमारंभांत पाहुण्यांना हारतुऱ्यांऐवजी लहानशी कुंडी देण्याची प्रथा अलीकडे चांगलीच रुळली आहे. प्रथा स्तुत्य आहे. मात्र त्या कुंडीत बहुधा जाड, रसाळ पानांचे रोप असते, ज्यास नर्सरीवाले ‘सक्युलंट’ म्हणतात; आणि घरी नेल्यावर महिना-दीड महिन्यात ते बुंध्याशी कुजून आडवे होते. मग मंडळी आम्हांस म्हणतात, ‘सर, आमच्या हातचे झाड जगतच नाही.’ आमचे म्हणणे असे की, हातात दोष नाही. हात सढळ आहे, एवढेच. शाळांतही हेच घडते. कुंडीला पाणी घालण्याची मुलांची पाळी लावलेली असते, प्रत्येक पाळीकरी आपले काम चोख बजावतो, आणि त्या चोखपणापायीच झाड मरते.

कोरफड, पानफुटी, जेड ही या वर्गातली आपल्या ओळखीची झाडे. कोरफड मूळची अरबस्तानची, पानफुटी मादागास्कर बेटावरची आणि जेड दक्षिण आफ्रिकेतले. पाणी मिळेल तेव्हा पानांत भरून ठेवावे आणि ते पुरवून पुरवून वापरावे, हा त्यांचा स्वभाव. त्यामागचे रहस्य मोठे मौजेचे आहे. इतर झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. त्या वाटेने पाणीही उडून जाते. ही मांसल झाडे रंध्रे उघडतात ती रात्रीच्या गारव्यात. घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पानात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशात त्याचे अन्न करतात. म्हणून पान सकाळी आंबट असते व दिवस चढेल तसा आंबटपणा ओसरतो. ही गोष्ट आपल्याच देशात टिपली गेली. दक्षिण हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या चाकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. त्याविषयीचे त्यांचे पत्र लंडनच्या लिनीअन सोसायटीने १८१५ साली छापले. मुलांनी मात्र चाखण्याच्या फंदात पडू नये, कारण पानफुटीत हृदयास अपायकारक द्रव्ये असतात. सकाळी आणि चार वाजता तोडलेल्या पानांचा रस प्रयोगशाळेतील पीएच कागदावर लावला की रंगांतील फरक दिसतो.

असे काटकसरी झाड रोज पाणी मागत नाही, हे आता वेगळे सांगणे नको. ‘आठवड्यातून एकदा’ असा सरसकट नियमही आम्हांस मान्य नाही. कुंडीत बोट किंवा झाडूची काडी खोल खुपसून पाहावी. काडीला ओली माती चिकटली तर पाणी घालू नये. तळापर्यंत कोरडी निघाली, तर मात्र चमचाभर पाणी शिंपडून भागवू नये. खालच्या छिद्रातून वाहीपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात आणि मग बुरशीचे फावते.

यासाठी कुंडीला छिद्र हवेच. भेटीच्या चिनीमातीच्या कुंड्यांना पुष्कळदा ते नसते. वर रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतात, तेही काढून टाकावेत. आतला नारळाच्या काथ्याचा भुसा दीर्घकाळ ओला राहतो. तेव्हा आठ-दहा दिवसांनी रोप साध्या मातीच्या कुंडीत हलवावे. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून दोन बोटेच मोठी असावी. एक भाग पोयटा, एक भाग जाड नदीची रेती, एक भाग विटांचा बारीक चुरा आणि मूठभर कुजलेले शेणखत एवढे पुरे. काळी माती चिकट, ती नको. समुद्राची वाळू खारट, तीही नको. तळाशी खापऱ्यांचा जाड थर देण्याची जुनी चाल आहे. पण थराने पाण्याचा निचरा सुधारत नाही, उलट ओल मुळांच्या जवळ येऊन थांबते. छिद्रावर एक खापरी टाकली की काम झाले.

नर्सरीच्या सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर पानांवर तपकिरी चट्टे पडतात. पूर्वेच्या खिडकीपासून प्रारंभ करावा आणि ऊन हळूहळू वाढवावे. उजेड कमी पडला की रोप लांबट होते, पाने विरळ येतात.

आमच्या बेळगावकडे खरी परीक्षा असते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की कुंडी तीन-तीन आठवडे सुकत नाही. या दिवसांत कुंड्या पागोळ्यांपासून दूर, वारा खेळेल अशा उजेडाच्या जागी ठेवाव्यात.

पाने पिवळी, मऊ, पारदर्शक झाली तर पाणी जास्त झाले असे समजावे. सुरकुतली तर तहान. पण येथे पुष्कळजण फसतात: मुळे कुजली तरीही पाने सुरकुततात, कारण पाणी वर चढतच नाही. म्हणून आधी माती चाचपावी. माती ओली आणि पाने सुरकुतलेली असतील, तर रोप उपटून काळी पडलेली मुळे स्वच्छ पात्याने कापावीत, सावलीत तीन-चार दिवस जखम सुकू द्यावी, मग कोरड्या मिश्रणात लावून आठवड्याने पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण; स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घ्यावा.

बुंधाच कुजला असेल तर मूळ रोप सोडून द्यावे. वंश मात्र राहतो. पानफुटीचे धडधाकट पान मातीवर नुसते ठेवले तरी त्याच्या कडांना कोंब फुटतात. जेडची फांदी लागते. कोरफडीचे पान मात्र रुजत नाही, कुजते. तिची बुडाशी आलेली पिल्लेच मुळांसकट वेगळी करून लावावी लागतात.