मोंपार्नासचा मनोरा

पॅरिसच्या डाव्या तीरावर फिकट दगडी घरांची रांग सहा-सात मजल्यांवर थांबते आणि तिच्या डोक्यावर एक काळपट ठोकळा उभा दिसतो. हा मोंपार्नासचा मनोरा. उंची 210 मीटर, मजले 59. तो 1973 साली खुला झाला.

इथे आधी रेल्वे स्टेशन होतं. 1895 मध्ये आवरता न आलेलं इंजिन त्याची दर्शनी भिंत फोडून रस्त्यावर कोसळलं. 25 ऑगस्ट 1944 रोजी जर्मन सेनापती फॉन कोल्टित्सच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्याही इथेच. साठच्या दशकात ही वास्तू पाडून स्टेशन मागे सरकवलं आणि मोकळ्या जागेवर कचेऱ्या बांधायचं ठरलं. मला सर्वांत जास्त सलतं ते पुढचं. जुन्या वस्त्या राखण्याचा 1962 चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनीच या मनोऱ्याला पाठिंबा दिला.

बांधकाम मात्र कच्चं नाही. खालून मेट्रो जाते, म्हणून सगळा भार सुमारे 70 मीटर खोल गेलेल्या 56 खांबांवर तोलला आहे. पुढे इमारतीत ॲस्बेस्टॉस सापडलं आणि ते काढण्यात वर्षं गेली.

हा मनोरा अनेकांना खुपतो आणि त्यासाठी त्याच्या उंचीला दोष देणं सोपं आहे. पण आयफेल मनोरा याहून उंच आहे. त्याच्याविरुद्धही 1887 मध्ये नामवंत लेखक-कलावंतांनी जाहीर निषेध नोंदवला होता, तरी पॅरिसने तो आपला मानला. तिथे चार पायांमधून माणसं वर्षानुवर्षं सहज ये-जा करत असत. मोंपार्नासला खाली काँक्रीटचा चौथरा आणि दुकानांचं संकुल आहे, रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेलं. ज्या भागात पिकासो, मोदिल्यानी कॅफेत तासन्‌तास बसत, तिथे वाऱ्यातून घाईने निघून जावं असं पटांगण तयार झालं. वरच्या काळ्या काचेपेक्षा हा पायथा मला जास्त कुरूप वाटतो.

लोकांच्या रागाचा परिणाम झाला. 1977 साली शहरात नव्या इमारतींना 37 मीटरची मर्यादा आली. पुढे ती काही ठिकाणी सैल झाली, 2023 मध्ये पुन्हा कडक केली गेली. मनोऱ्याचं रूप बदलण्यासाठी स्पर्धा झाली आणि 2017 मध्ये फ्रेंच वास्तुविशारदांच्या एका गटाला काम मिळालं. त्यांच्या आराखड्यात पारदर्शक काच आणि माथ्यावर हरितगृह आहे. काच जरूर बदलावी, पण आधी तो चौथरा फोडून रस्ता लोकांना परत द्यावा.