कोरेगांवचा स्तंभ

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाघोली व लोणीकंद मागें पडल्यावर, भीमेचा पूल येण्यापूर्वीं, वर निमुळता होत गेलेला एक दगडी स्तंभ दृष्टीस पडतो. कोरेगांव पलीकडच्या तीरावर. स्तंभ मात्र अलीकडे, पेरणें गांवच्या हद्दींत. वर्षांतील एक दिवस सोडला तर बहुतेक प्रवासी “इंग्रजांचा जयस्तंभ” एवढें म्हणून पुढें जातात. जवळ जाऊन त्याच्यावरील अक्षरें वाचणारे विरळा. आणि हा स्तंभ तर मुख्यतः वाचण्याचाच आहे.

शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं इंग्रजांचें निशाण लागलें, ही कथा आपल्या घरांतून वडील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या हळहळून सांगत आलीं आहेत. त्यानंतर दीड महिन्यानें दुसरा बाजीराव फौजेसह पुन्हा पुण्याच्या रोखानें येत असल्याची वार्ता आली. पुण्यांतील इंग्रज अधिकाऱ्यानें शिरूरहून कुमक मागविली. कॅप्टन स्टॉन्टन ३१ डिसेंबरच्या रात्रीं सुमारें आठशें लोक व दोन तोफा घेऊन निघाला आणि रात्रभर चालून सकाळीं भीमेच्या कांठीं पोंचला, तों समोर पेशव्यांचें अफाट घोडदळ! त्यानें मुकाट्यानें कोरेगांवांत शिरून भिंतींचा आसरा घेतला.

दिवसभर गल्लीबोळांतून हातघाईची लढाई झाली. नदी इतकी जवळ, पण आंतल्या शिपायांना दिवस मावळेपर्यंत पाणी मिळालें नाहीं. एक तोफ हातची गेली आणि मोठ्या शर्थीनें परत मिळविली गेली. पेशव्यांकडून बापू गोखले, त्रिंबकजी डेंगळे यांसारखे सरदार होते. परंतु त्यांच्या वीस-पंचवीस हजारांच्या फौजेपैकीं गांवांत शिरून प्रत्यक्ष झुंजले ते मुख्यतः अरब, गोसावी व पायदळाच्या कांहीं तुकड्या. जनरल स्मिथ पाठलागावर येत आहे हें ठाऊक असल्यामुळें पेशव्यांनीं रात्रीं वेढा उठविला. स्टॉन्टनहि पुण्यास गेला नाहीं; जखमींना घेऊन शिरूरला परतला. त्याचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून पावणेतीनशेंच्या आसपास लोक कमी झाले होते. म्हणजे एका पक्षाला गांव घेतां आलें नाहीं आणि दुसऱ्याला पुणें गांठतां आलें नाहीं. विजय कोणाचा, हा वाद अभ्यासकांत अद्याप चालूच आहे.

शिळेला मात्र असला संशय शिवलेला नाहीं. स्तंभाचें काम १८२१ सालीं सुरू झालें. त्यावरील इंग्रजी व मराठी लेखांत पेशव्यांच्या समग्र फौजेनें वेढलें असतां एका लहान तुकडीनें दिवसभर टक्कर दिली, असें सांगून पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या अत्यंत अभिमानास्पद विजयांत या प्रसंगाची गणना केली आहे. ही धडधडीत लबाडी नव्हे. पण माघारा परतल्याची गोष्ट तींत नाहीं, आणि पेशव्यांकडून पडलेल्या अरब-गोसाव्यांचीं नांवें तर नाहींतच नाहींत. ज्यानें दगड उभा केला त्याच्या सोयीचें तेवढें दगडावर आलें.

पण कंपनी सरकारनें आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा परिणाम पुढें काय होईल याची त्या सरकारास कल्पनाहि नसावी. मेलेल्या शिपायांचीं नांवें तिनें दगडावर कोरविलीं. तीं एकंदर ४९ आहेत. त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. हें पद त्या काळीं महार समाजांतील पुरुषांच्या नांवांस लागत असे. त्यांच्या शेजारीं मराठे, रजपूत, मुसलमान अशीं इतर नांवें एकाच ओळींत बसलीं आहेत. ज्या काळीं या माणसांना गांवच्या पाणवठ्यास शिवण्याची मुभा नव्हती, त्या काळच्या दगडावरची ही पंगत आहे. आम्हीं मात्र त्या स्तंभाकडे शंभर वर्षें पाहिलें तें केवळ आमच्या राज्याच्या अस्ताची खूण म्हणून. पेशवाई बुडाली याचें दुःख आमच्या घरांत होतें. तें सर्वांच्याच घरांत असेल, असें आम्हीं न विचारतांच धरून चाललों.

नांवें वाचणारे वाचक मागाहून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हां ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज करणाऱ्यांनीं पूर्वजांच्या लष्करी चाकरीचे दाखले पुढें केले. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशीं आले. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत महाडचा सत्याग्रह झाला. १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हां तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्वराज्यानंतर तो जाऊन तेथें कट्यार आली. आतां दर एक जानेवारीस लाखों लोक येथें येतात. २०१८ सालीं, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशीं, या परिसरांत दंगल होऊन एकाचा प्राण गेला. दगड जुना झाला म्हणून निवला असें समजूं नये.

असले परक्यांचे दगड ठेवावे तरी कशास, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. दिल्लीच्या टेकडीवर १८५७ च्या वेढ्यांत इंग्रजांकडून लढून मेलेल्यांचा तांबड्या दगडाचा मनोरा १८६३ पासून उभा आहे. त्यावरील लेखांत आपल्या लोकांना ‘शत्रु’ म्हटलें आहे. तो लेख कोणीं खरवडला नाहीं. १९७२ सालीं शेजारीं दुसरी पाटी बसविली गेली: येथें ज्यांना शत्रु म्हटलें आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले स्वातंत्र्यवीर होते, अशा अर्थाची. मनोऱ्याचें नांवहि ‘अजितगड’ झालें. दोन्ही लेख तेथें नांदत आहेत, आणि जाणारा दोन्ही वाचतो. आम्हांस ही रीत पाडापाडीपेक्षां शतपट शहाणपणाची वाटते. कोरेगांवीं उत्तराची पाटी लावावी लागलीच नाहीं. जुन्याच अक्षरांना नवे वाचक मिळाले.

नगरकडे जाणें झालें तर मुलांना घेऊन तेथें अवश्य उतरावें. मोठा लेख एकदां वाचून मग नांवांच्या यादीकडे वळावें आणि तीं नांवें मुलांकडूनच मोठ्यानें वाचवून घ्यावीं. एकोणपन्नास नांवांना वेळ तो काय लागणार!