हिब्रू बायबलमधील गरिबांचा हक्क : दान की न्याय?

प्रस्तावना

दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. न्याय हा घेणाऱ्याचा हक्क असतो. हिब्रू बायबलमधील (ख्रिस्ती परंपरेतील 'जुना करार') नियमशास्त्र गरिबांच्या प्रश्नाकडे प्रामुख्याने न्यायाच्या दृष्टीने पाहते. प्रस्तुत लेखात सरवा, गहाण व कर्जमाफी यांविषयीच्या नियमांच्या आधारे ही भूमिका स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सरव्याचा नियम

लेवीय (१९:९-१०) व अनुवाद (२४:१९-२२) या ग्रंथांनुसार शेतमालकाने शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत आणि शेतात विसरलेली पेंढी आणण्यासाठी परत जाऊ नये. हा वाटा गरीब, उपरी, अनाथ व विधवा यांचा होय. येथे मालक हात उचलून काही देत नाही. जे त्याचे नाही ते तो सोडून देतो आणि गरीब मनुष्य स्वतः श्रम करून ते मिळवतो. रूथ ही मवाबी विधवा बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचते, ती याच प्रथेनुसार. किती पीक सोडावे हे बायबल सांगत नाही, इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथाने किमान साठावा भाग ठरवून दिला.

या नियमांमागील तत्त्व लेवीय २५:२३ मध्ये आढळते. भूमी ईश्वराची असून तिच्यावर राहणारे सर्वच उपरी आहेत. साहजिकच मालकी ही निरंकुश राहत नाही.

गहाण व मजुरी

सावकाराने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे (अनुवाद २४:१०-११). गरिबाचे पांघरूण गहाण असल्यास ते सूर्यास्तापूर्वी परत करावे. मजुराची मजुरीही त्याच दिवशी द्यावी. म्हणजेच गरजेबरोबर प्रतिष्ठेचाही विचार येथे केलेला दिसतो. मात्र न्यायनिवाडा करताना गरिबाचीही भीड धरू नये, असे लेवीय १९:१५ बजावते.

नियम आणि व्यवहार

इ. स. पूर्व आठव्या शतकात आमोस या संदेष्ट्याने उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात, गहाणाच्या वस्त्रांवर वेदीजवळ पहुडणाऱ्यांचा कठोर निषेध केला. यावरून नियमांचे उल्लंघन होत होते हे उघड आहे. दर सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम होता; परंतु ते वर्ष जवळ आले की धनिक कर्ज देणे टाळतील, ही शक्यता खुद्द नियमशास्त्रानेच ओळखली होती (अनुवाद १५:९). पुढे तसेच घडू लागले. तेव्हा, यहुदी परंपरेनुसार, हिल्लेल या धर्मगुरूने 'प्रोझबुल' ही तरतूद केली. तीनुसार धनको आपले येणे न्यायालयाकडे सोपवी व ते माफीतून वगळले जाई. गरिबांना कर्ज मिळू लागले. पण माफीचा मूळ हक्क निष्प्रभ झाला.

निष्कर्ष

हिब्रू भाषेतील 'त्सेदाका' या शब्दाचा बायबलमधील अर्थ नीतिमत्त्व असा असून पुढील काळात तोच शब्द दानासाठी रूढ झाला. या अर्थांतरात दोन्ही कल्पनांचे नाते दिसते. केवळ सद्भावनेवर विसंबल्यास गरीब मनुष्य दात्याचा मिंधा राहतो. सद्भावना नसल्यास कायद्यातून पळवाट निघते. म्हणूनच नियमशास्त्राने गरिबाला हक्क दिला आणि त्याच वेळी धनिकाला मन कठोर न करण्याची आज्ञाही केली. समाजकल्याणाच्या कोणत्याही योजनेचा विचार करताना हे दुहेरी सूत्र अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.