क्षयावरच्या संयुक्त औषधांची वाटचाल
क्षयरोगावर एकाच वेळी अनेक प्रतिजैविके देण्याची पद्धत रूढ झाली ती पहिल्या औषधाने दगा दिल्यामुळे. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत हाती आले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1947 मध्ये त्याची चाचणी सुरू केली तेव्हा औषधाचा तुटवडा होता. 107 रुग्णांपैकी 55 जणांनाच ते मिळाले, बाकीच्यांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेणारे 4 आणि न घेणारे 14 दगावले. पाच वर्षांनी मात्र हे आकडे 32 आणि 35 झाले. औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या थुंकीतले जंतू त्याला दाद देईनासे झाले होते.

कारण गणितात होते. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात, आणि दर दहा लाखांत साधारण एक जंतू मुळातच स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नाही. बाकीचे मेले की त्या शंभरेकांना रान मोकळे. दोन औषधांना एकदम पुरून उरणारा जंतू मात्र एक लाख कोटींत एखादाच. म्हणून स्वीडनचे संशोधक लेहमान यांचे ‘पास’ हे औषध जोडीला देताच प्रतिकार कमालीचा घटला. पास तसे दुबळेच. मळमळ आणणारे आणि रोज काही ग्रॅम गिळावे लागणारे. पण राखणदारीला तेवढे पुरले. 1952 मध्ये आयसोनियाझिड आले आणि तिन्ही मिळून दीड-दोन वर्षांचा उपचार ठरला.

असा संयुक्त उपचार दाटीवाटीच्या घरांत, तोकड्या आहारावर चालेल का, याचे उत्तर मद्रासने दिले. तिथल्या चाचणीत आयसोनियाझिड आणि पास वर्षभर घरीच घेणाऱ्यांपैकी 86 टक्के सुधारले, सॅनेटोरियममधले 92 टक्के. 1959 च्या या निष्कर्षानंतर सॅनेटोरियमची सद्दी संपत गेली. पुढे रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांनी मुदत सहा महिन्यांवर आणली.

पण संयोग मोडला की जुनाच खेळ सुरू होतो. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2012 च्या सुमारास, तपासलेल्या सर्वच औषधांना न जुमानणारा क्षय नोंदवला. आधीचे उपचार बहुधा खासगी दवाखान्यांतले, चुकीचे. फसत चाललेल्या उपचारात एकेकच औषध वाढवणे ही त्यातली नेहमीची चूक. अशा चिवट क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सहा महिन्यांची चौकडी भारताने 2024 मध्ये मंजूर केली. त्यातल्या लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, रक्तपेशीही घटतात. त्यामुळे रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते.