गोळ्या चालू, तरी बीपी खाली येत नाही? किडनी आणि हार्मोनचं नातं समजून घेऊ

घरात अब्बांचं किंवा अम्मीचं बीपी वाढलं की आपण दोनच कारणं शोधतो: टेन्शन नाहीतर मीठ. पण खाल्लेल्या मिठातलं किती अंगात राहणार आणि किती लघवीवाटे जाणार, हे किडनी ठरवते. आणि किडनीला हुकूम देतात हार्मोन.

शाळेत आम्ही किडनीला 'गाळणी' म्हणतो. पण ती नुसती गाळणी नाही. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचं पाणी आणि जवळजवळ सगळं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, पुन्हा रक्तात घेतलं जातं.

रक्तदाब उतरला की किडनी रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉनमुळे किडनीच्या नळ्यांमध्ये सोडियम आत घेणारी दारं वाढतात. सोडियम आत येतं, त्यामागून पाणी येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. जुलाब-उलट्यांत हीच सोय जीव वाचवते.

काहींची ग्रंथी मात्र गरज नसतानाही अल्डोस्टेरॉन सोडत राहते. मग मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. अमेरिकेतील डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो वाटतो तितका दुर्मीळ नाही, पण तपासलाच जात नाही.

म्हणून तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, पोटॅशियम कमी येत असेल किंवा कमी वयातच बीपी जडलं असेल, तर डॉक्टरांना विचारा, "अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी करायची का?" ती रक्तावर होते. दोष निघाला तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध आहे. एकाच ग्रंथीत गाठ असेल, तर ऑपरेशनचाही विचार होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मनाने गोळ्या बंद करू नका, तपासणीसाठीसुद्धा नाही. आणि 'बीपीवाल्यांचं मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते घातक ठरू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावं. लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण यातलं मीठही त्यातच मोजायचं.