कागदावरचा घुमट

१९६४-६५ सालची गोष्ट. खंभातच्या आखाताचे सर्वेक्षण करायला ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज अरबी समुद्रात आले होते. काम भलतेच चिकाटीचे. आखलेल्या रेषेवर जहाज चालवायचे, पाण्यात हादरा द्यायचा, समुद्रतळाखालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपायच्या. थोडे पुढे सरकायचे आणि पुन्हा हादरा.

हाती काय येते? कागदभर थरथरत्या रेघा. त्यांची खोली मीटरमध्ये नसते, मिलिसेकंदांत असते. लहरीला खाली जाऊन वर यायला लागलेला तो वेळ. पाण्यात लहर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जाते, घट्ट चुनखडकात दुपटीहून वेगाने. हा वेग जोखण्यात चूक झाली, की सपाट थरसुद्धा फुगलेला दिसतो. म्हणून अर्थ लावणारा एक ठळक रेघ धरतो, रंगीत पेन्सिलीने तिचा माग काढतो आणि जिथे दुसरी रेषा तिला छेदते तिथे दोन्ही कागदांवरचा वेळ जुळतो का ते बघतो. नाही जुळला, तर खोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. या शास्त्राचा सगळा प्रामाणिकपणा त्या खोडरबरात आहे, असे मला वाटते.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर या रेघा वर चढल्या आणि पलीकडे उतरल्या. नकाशावर समोच्च रेषा गोल फिरून मिटल्या. समुद्राखाली प्रचंड घुमट होता, आणि वर सरकणारे तेल अडकून राहते ते अशाच ठिकाणी.

हीच यंत्रे पुण्याजवळच्या चाकणला जमिनीवर लावली तर इतके स्वच्छ चित्र मिळत नाही. तिथे विहीर खणा की कारखान्याचा पाया, काळा कातळच लागतो. लाव्हाचे थरावर थर. प्रत्येक थर लहर थोडी परतवतो, थोडी विखुरतो, आणि खालून येणारी क्षीण लहर त्या गोंगाटात हरवते. मुंबईच्या समुद्रात दख्खनचा तोच कातळ तळाशी गेलेला आहे आणि त्याच्यावर चुनखडक नि शेल साचले आहेत. हे वरचे थर वाचता आले.

पण घुमट सापडला म्हणजे तेल सापडले असे होत नाही. लहरी आकार सांगतात, आत काय भरले आहे ते विहीरच सांगते. इतक्या खोल पाण्यात विहीर खोदण्याची सोय तेव्हा देशाकडे नव्हती. जवळजवळ नऊ वर्षे तो घुमट कागदावरच राहिला. मधल्या काळात नव्याने सर्वेक्षणे झाली, आकार पक्का होत गेला.

मग जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ आला. समुद्रतळावर पाय रोवून उभा राहणारा हा तराफा पुढे एक रुपयाच्या नोटेवरही झळकला. १९७४ च्या जानेवारीअखेर खोदाई सुरू झाली आणि १९ फेब्रुवारीला मायोसीन काळातल्या चुनखडकातून तेल आले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. या तेलक्षेत्राचे बॉम्बे हाय हे नाव घराघरांत पोचले.