अनुदानाचा पहिला रुपया भांडारासाठी
लेखमाला : गावोगावची संग्रहालयं – लेखांक 6

गेल्या आठवड्यात नोंदवहीचा विषय झाला. वस्तू संग्रहालयात आली की तिला क्रमांक कसा मिळतो, ती कुणी दिली आणि कुठून आली हे त्याच दिवशी का लिहून ठेवायचं, ते पाहिलं. क्रमांक मिळाल्यावर थोड्याच वस्तू काचेच्या कपाटात जातात, बाकी सगळ्या भांडारात. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात तर हे जास्तच खरं, कारण तिथला मोठा ऐवज कागदाचा असतो: पत्रं, वंशावळी, जमाखर्चाच्या वह्या, नकाशे, बंद पडलेल्या वृत्तपत्रांचे अंक, छायाचित्रांच्या काचा. अभ्यासकाला हवं असलेलं जवळजवळ सगळं या भांडारात असतं आणि अनुदानाचा पैसा सगळ्यांत कमी पोचतो तोही इथंच. नव्या दालनाचं उद्‌घाटन करता येतं, देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. भांडारातली मांडणी मात्र बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

हे दुखणं फक्त आपलं नाही. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणारी 'इक्रॉम' ही आंतरराष्ट्रीय संस्था रोममध्ये आहे. तिनं युनेस्कोबरोबर 2011 साली जगभरातल्या संग्रहालयांच्या भांडारांची पाहणी केली. भांडारात ठेवलेल्या संग्रहांपैकी सुमारे 60 टक्के धोक्यात असल्याचं चित्र त्यातून पुढं आलं. अनेक ठिकाणी कारणं साधी होती. जागा भरलेली, वस्तू जमिनीवर, वाटा अडलेल्या, काय कुठं आहे हे एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस निवृत्त झालेला. यावर 'इक्रॉम'नं 'री-ऑर्ग' नावाची पद्धत बसवली. छोट्या, हात आखडून चालणाऱ्या संस्था डोळ्यांपुढं ठेवूनच ती बेतलेली आहे.

तिचे निकष कुठल्याही तालुक्याच्या गावी तपासून पाहता येतील. भांडारात संग्रहाखेरीज काहीही नसावं. एकही वस्तू थेट जमिनीवर नसावी. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि ती तीन मिनिटांत सापडावी. ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. आपल्या संस्थेत हे करून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच निकषाला अडखळायला होतं. मोडक्या खुर्च्या, जुन्या स्मरणिकांचे न खपलेले गठ्ठे, गेल्या कार्यक्रमाचे फलक, सतरंज्या, हे सगळं भांडारातच असतं. ते बाहेर काढायला अनुदान लागत नाही. दोन रविवार आणि कार्यकारिणीचा एक ठराव पुरतो, आणि एवढ्यानंच कितीतरी जागा मोकळी होते.

महाराष्ट्राला हा विषय जवळचा वाटायला हवा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड 1898 मध्ये काढला, तो वाईला मिळालेल्या कागदांच्या बळावर. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर वाचत होते, साताऱ्यात पारसनीस संग्रह जमवत होते. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. 1926 च्या अखेरीस राजवाडे धुळ्यात वारले, आणि त्यांचं दप्तर सांभाळायला तिथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पारसनीसांचा संग्रह पुढं 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या रद्दीतून कागद वाचवणारी ती पिढी होती. तिनं जे वाचवलं ते टिकवण्याचं काम आताच्या विश्वस्तांकडे आहे, आणि ते कधीच संपणारं नाही.

एक रुमाल सोडून पाहिला की काम कुठून सुरू करायचं ते कळतं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर. वरची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेली, त्यामुळे वरच्या पुडक्याच्या कडा चेपून तुटलेल्या. आत मोडी कागदांचे लांबट बंद, घडीवर घडी घातलेले, आणि नेमकी घडीच्या रेषेवरच भेग. मध्येच कुणीतरी अलीकडं लावलेली टाचणी गंजून तपकिरी डाग पाडून गेलेली. एखाद्या पत्राला सेलोटेप, तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत मुरलेला. कापड लाल असेल आणि त्याला कधी ओल लागली असेल तर रंग कागदावर उतरलेला. यातलं काहीही उपकरण घेऊन दुरुस्त होण्यासारखं नाही. इथं लागतं ते खळ धुऊन काढलेलं बिनरंगी मांजरपाट, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या, बंद शक्यतो उलगडून सपाट राहील एवढ्या मापाच्या, आणि शांतपणे टाचण्या काढणारे शिकवलेले हात.

कागदाचं वय पाहून कामाचा क्रम लावणं ही इथली नेहमीची चूक. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, तंतू लांब आणि चिवट. त्यावरची शाई काजळीची. उजेडानं ती फारशी उडत नाही, पण तिच्यातला डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तिचा खरा वैरी ओल. पाण्यापासून जपलं तर अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र आजही हातात धरता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आला. तुरटी आणि राळ वापरून केलेला हा कागद स्वतःच्याच आम्लानं जळत जातो. त्यामुळे 1920 च्या आसपासचं तालुक्याचं साप्ताहिक, नगरपालिकेचे छापील अहवाल, शाळेची हजेरीपत्रकं हीच आधी भुगा होतात. यातल्या पुष्कळ गोष्टींची दुसरी प्रत कुठंच नसते. पेशवाईतल्या कागदाला मान जास्त म्हणून पेट्याही आधी त्यालाच, असं करू नये. जे आधी मोडणार आहे त्याला पेटी आधी.

पुराचं भय कोकणाला आणि कृष्णाकाठाला सांगावं लागत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, सगळ्यांच्या तोंडी 'लोटिस्मा', हे 1864 पासूनचं. त्यानं पुढं कोकणच्या इतिहासाचं वस्तुसंग्रहालयही उभं केलं. 26 जुलै 2005 ला वाशिष्ठीचं पाणी त्या वाचनालयात शिरलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा ग्रंथांची मोठी हानी झाली, दोन्ही वेळा माणसांनी चिखलातून संस्था परत उभी केली. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या नगर वाचनालयाची तीच गत झाली. या गावांतल्या संस्थांनी अनुदानाचा अर्ज लिहिताना पहिली ओळ मजल्याची लिहावी: दुर्मिळ ऐवज तळमजल्यावरून वर. जिथं मजला नाही तिथं गेल्या पुराची रेघ भिंतीवर दिसतेच. किमान सगळ्यांत मोलाचा ऐवज तरी त्या रेघेच्या वर जावा.

वर नेताना वजनाचा हिशेब हवा. रुळांवर सरकणारी कॉम्पॅक्टर कपाटं थोड्या जागेत पुष्कळ मावतात, म्हणून सगळ्यांना आवडतात. पण कागदानं भरलेल्या कपाटांचा भार जुन्या वाड्याच्या तुळयांना झेपणारा नसतो. आधी स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय, मग खरेदी. साध्या पावडर कोटिंगच्या लोखंडी मांडण्याही उत्तम काम देतात. खालचा खण जमिनीपासून किमान सहा इंच वर हवा, मांडणी बाहेरच्या भिंतीपासून तेवढीच पुढं हवी, आणि वरून नळाचा पाइप किंवा संडासाची मोरी जाता कामा नये.

आता वातानुकूलनाचा प्रश्न. बहुतेक अर्जांत सर्वांत मोठी रक्कम याच यंत्राची असते आणि सर्वांत जास्त नुकसानही त्याच्याच अर्धवट वापरानं होतं. बुरशीला वाढायला हवेत साधारण 65 टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता पुरते. कोकणात पावसाळाभर ती त्याहून पुष्कळ वर असते. संध्याकाळी कार्यालय बंद होताना एसी बंद होतो, थंड झालेल्या कागदाभोवती रात्री दमट हवा शिरते आणि तिथंच ओल धरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा रोजचा चढउतार कागदाला कायमच्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. यंत्र चोवीस तास चालवायची ऐपत नसेल तर ते घेऊच नये. तो पैसा छताची गळती काढायला, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्यायला आणि ओल शोषणाऱ्या छोट्या यंत्राला लावावा. घट्ट पेटी स्वतःच बाहेरचा चढउतार बराच अडवते, आणि तिला विजेचं बिल येत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी अनुदानाचा स्वभाव आहे. अनुदान एकदा येतं, खर्च दरवर्षी येतो. म्हणून पैसे संपल्यावरही जे काम करत राहील त्यावर ते आधी खर्च व्हावं: मांडण्या, पेट्या, दारं-खिडक्यांच्या जाळ्या, आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं. वाळवी, कसर, झुरळ, उंदीर यांच्यासाठी सापळे आणि महिन्याची पाहणी, औषधाची फवारणी अगदी शेवटी. किडलेली वही पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवली तर कीड आणि तिची अंडी दोन्ही मरतात, कागदाला विष लागत नाही. पूर्वी वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवत, तो ठेवायला हरकत नाही. पण कागदाला थेट चिकटून नको, आणि त्याच्या भरवशावर पाहणी चुकवू नये.

स्कॅनिंगचं काय? ते हवंच, पण पेट्यांनंतर. स्कॅन करताना प्रत्येक कागद उचलला, उलगडला, दाबला जातो. आधी साफ न केलेला, क्रमांक न दिलेला कागद या धबडग्यात फाटतो, किंवा दुसऱ्याच रुमालात जातो. शिवाय हार्ड डिस्क दर काही वर्षांनी बदलावी लागते, प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्या लागतात. तो खर्च कोणत्या रकान्यातून करायचा हे ठरवल्याशिवाय सुरू केलेलं स्कॅनिंग अर्ध्यात थांबतं.

पैसा कुठून आणायचा? केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. तिथं संस्थेनंही आपला वाटा उभा करायचा असतो, तेव्हा लोकवर्गणीची तयारी अर्जाआधीच हवी. हस्तलिखितांसाठी 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झालं. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन असं त्याचं उद्दिष्ट ठरलं, आणि तरतूद साडेतीन कोटींवरून 60 कोटी रुपयांवर गेली. इथं एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. अभियानाच्या व्याख्येप्रमाणे हस्तलिखित म्हणजे किमान 75 वर्षं जुना हातानं लिहिलेला ग्रंथ. फर्मानं, महसुली कागद अशी ऐतिहासिक दप्तरं त्यात बसत नाहीत. पोथ्या आणि मोडी दप्तर एकाच अर्जात कोंबणाऱ्या संस्थेचा अर्ज इथंच अडकू शकतो. पोथ्यांसाठी वेगळा अर्ज, दप्तरासाठी वेगळी वाट.

अमेरिकेतल्या एका जुन्या योजनेची रीत मात्र आपल्या दात्यांनी उचलण्यासारखी आहे. तिथल्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज'नं छोट्या संस्थांसाठी जतन-साहाय्याचं अनुदान अनेक वर्षं चालवलं. रक्कम 10,000 डॉलरपर्यंत, म्हणजे तिकडच्या मानानं लहानच. पण गावची ऐतिहासिक मंडळं, छोटी वाचनालयं त्यातून आधी एखाद्या जाणकाराला बोलावून संग्रहाची पाहणी करून घेत, लेखी शिफारशी घेत, आणि पुढच्या अर्जात त्याच शिफारशींनुसार पेट्या आणि मांडण्या मागत. एप्रिल 2025 मध्ये या संस्थेची मंजूर अनुदानंच मोठ्या संख्येनं रद्द झाली, तेव्हा एकट्या सरकारी पैशावर विसंबणं कुठंच शहाणपणाचं नाही. तरी ती पायरी खरी आहे: आधी पाहणी, मग मागणी. आपल्याकडं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयाचं जतन केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. हाती लेखी अहवाल असलेला अर्ज आणि नुसती निकड सांगणारा अर्ज यांत देणाऱ्याला फरक कळतो.

वाचकांपैकी अनेक जण आपल्या गावच्या वाचनालयाचे, इतिहास मंडळाचे आजीव सभासद असतील. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा उभं राहून विचारा, भांडारासाठी स्वतंत्र रक्कम धरली आहे का. धरली नसेल तर त्याच सभेत ठराव मांडा, अनुमोदक शोधा, आणि मंजूर होईपर्यंत बसू नका.

(पुढील लेखांक : आग आणि पूर यांच्यासाठी संस्थेचा आपत्ती आराखडा)